‘परी खरंच येते का?’ : कल्पित पात्रे, मुलांचा विश्वास आणि आई-वडिलांची जबाबदारी

ओळखीच्या एका घरातील सहा वर्षांच्या मुलीचा पुढचा दात पडला, तेव्हा तिने तो कागदाच्या पुडीत बांधून उशीखाली ठेवला. दातांची परी रात्री येते, दात घेऊन जाते आणि त्याच्या जागी काहीतरी ठेवते, असे तिने आई-बाबांकडून ऐकले होते. मध्यरात्री बाबांनी श्वास रोखून उशीखाली हात घातला, पुडी काढून घेतली आणि एक नाणे व चार ओळींची चिठ्ठी सरकवली. सकाळी मुलीने नाणे मुठीत धरले, चिठ्ठी मात्र खिडकीपाशी उजेडात नेऊन बराच वेळ न्याहाळली आणि मग ती म्हणाली, “परीचा ‘ळ’ अगदी बाबांच्या ‘ळ’सारखा आहे.” त्यावर कोणी काही बोलले नाही, आणि तिनेही विषय पुढे नेला नाही.

त्या सकाळी त्या मुलीच्या मनात काय चालले असेल? तिला परी खोटी असल्याचे कळले होते, की नुसती शंका आली होती? की कळूनही ते उघड करायचे नव्हते? आणि बाबांनी केले ते मुलीच्या आनंदासाठी केलेले नाटक म्हणायचे, की सरळसरळ फसवणूक? हे प्रश्न वाटतात तितके किरकोळ नाहीत. लहान मूल खरे-खोटे कसे ठरवते, कोणाच्या शब्दावर का विश्वास ठेवते आणि तो विश्वास पुढे कसा तपासून घेते, हे समजून घेण्यासाठी बालमानसशास्त्राच्या अभ्यासकांनी सांताक्लॉज आणि दातांची परी यांचा गेली अनेक दशके गांभीर्याने उपयोग केला आहे.

आधी या पात्रांविषयी थोडे सांगायला हवे, कारण ती फार प्राचीन असावीत असा आपला समज असतो. सांताक्लॉजचे मूळ चौथ्या शतकातील संत निकोलस यांच्यापर्यंत जाते. ते आजच्या तुर्कस्तानातील मायरा या गावी बिशप होते. परंतु आठ रेनडियरांच्या गाडीतून येणारा आणि धुराड्यातून घरात उतरणारा सांता १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात छापून आलेल्या कवितेमुळे रूढ झाला, आणि त्याचे गुबगुबीत रूप थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून काढलेल्या चित्रांनी लोकांच्या मनात ठसवले. दातांची परी तर त्याहून तरुण आहे. तिचा आजवर सापडलेला सर्वांत जुना छापील उल्लेख शिकागोच्या एका वृत्तपत्रातील १९०८ सालचा आहे. स्पेनमध्ये हेच काम पेरेझ नावाचा उंदीर करतो. बालराजा तेरावा अल्फोन्सो याचा दात पडला, तेव्हा त्याच्यासाठी लुईस कोलोमा या लेखकाने १८९४ च्या सुमारास या उंदराची गोष्ट लिहिली. फ्रान्समध्येही परीऐवजी छोटी उंदरीणच येते. मोठ्यांनी मुलांसाठी ही पात्रे घडवली, प्रत्येक पिढीने त्यांत आपली भर घातली आणि म्हणूनच ती टिकली, एवढे यातून स्पष्ट होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. लहान मुलांना खरे आणि काल्पनिक यांतला फरक कळत नाही, म्हणून ती परीवर विश्वास ठेवतात, असे आपण सहज म्हणून जातो. हे चूक आहे. तीन वर्षांचे मूल भातुकलीत रिकाम्या कपातून चहा पिते, पण त्या चहाने तहान भागेल अशी त्याची अपेक्षा नसते. काठीचा घोडा करून अंगणभर दौडणाऱ्या मुलाला तो घोडा नव्हे हे पक्के ठाऊक असते. ओरेगॉन विद्यापीठातील मार्जोरी टेलर यांनी काल्पनिक सवंगडी असलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या २००४ सालच्या संशोधनात, सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांनी कधी ना कधी असा सवंगडी निर्माण केल्याचे आढळले, आणि आपला हा मित्र ‘खोटा-खोटा’ आहे हे त्यांतील बहुतेक मुलांना माहीत होते.

मात्र हे माहीत असण्यालाही एक गमतीची बाजू आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना रिकाम्या पेट्या दाखवल्या, आणि एकीत ससा आहे व दुसरीत राक्षस आहे अशी नुसती कल्पना करायला सांगितले. पेट्या रिकाम्या आहेत हे मुलांनी स्वतः पाहिले होते, तसे त्यांनी सांगितलेही. तरीही भोकातून बोट घालायची वेळ आली, तेव्हा सशाच्या पेटीत बोट घालायला तयार असलेली मुले राक्षसाच्या पेटीबाबत बिचकली. ठाऊक असणे आणि वाटणे या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी नांदू शकतात. अंधाऱ्या जिन्यावरून जाताना पावले झपझप उचलणाऱ्या कोणत्याही मोठ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मुले जर इतकी चाणाक्ष असतात, तर ती सांताक्लॉज खरा का मानतात? याचे उत्तर मला या सगळ्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. जगातल्या बहुतेक गोष्टी मूल स्वतः पाहून शिकत नाही, तर सांगितलेल्यावर विश्वास ठेवून शिकते. जंतू त्याने पाहिलेले नसतात, पृथ्वी गोल असल्याचे त्याने अनुभवलेले नसते, पोटात यकृत नावाचा अवयव आहे हे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. ज्या माणसांनी आजवर खरे सांगितले, त्यांच्या शब्दावर विसंबणे हा त्याचा भोळेपणा नव्हे. ज्ञान मिळवण्याचा तो सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. सांताक्लॉज आणि दातांची परीही याच वाटेने त्याच्या मनात शिरतात. हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मुलांना जंतू आणि प्राणवायू यांसारख्या न दिसणाऱ्या खऱ्या गोष्टींबद्दल आणि सांता, परी यांच्याबद्दलही विचारले. दोन्ही अस्तित्वात आहेत असे मुले म्हणाली, परंतु जंतूंबद्दल त्यांना अधिक खात्री होती. मोठी माणसे जंतूंविषयी बोलताना ‘जंतू खरंच असतात बरं का’ असे म्हणत नाहीत, ती सरळ ‘हात धू’ म्हणतात. सांताबद्दल बोलताना मात्र त्यांच्या आवाजात, नजरेत, आग्रहात काहीतरी निराळे असते. मुलांना हा फरक जाणवत असावा, असे अनुमान यावरून काढता येते, आणि मला ते पटते.

शब्दांच्या जोडीला पुरावा मिळाला की विश्वास घट्ट होतो. टेक्सास विद्यापीठातील जॅकलिन वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची तपासणी करण्यासाठी मुलांनी पूर्वी कधीच न ऐकलेले पात्र मुद्दाम घडवले. ही होती गोळ्या-चॉकलेटांची चेटकीण. हॅलोविन या पाश्चात्त्य सणाच्या रात्री मुलांनी घरोघरी जाऊन जमवलेल्या गोळ्या घेऊन त्या बदल्यात खेळणे ठेवून जाणारी ही प्रेमळ चेटकीण बालवाडीतल्या मुलांच्या कानावर घालण्यात आली. काही घरांत पालकांनी रात्री गुपचूप अदलाबदल केली, काही घरांत केली नाही. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या घरी चेटकीण ‘येऊन गेली’ होती, त्यांच्यापैकी वयाने थोड्या मोठ्या मुलांचा तिच्यावरचा विश्वास इतरांपेक्षा पक्का होता, आणि वर्षभरानंतरही अनेक मुले तो टिकवून होती. नीट लक्षात घ्या, मोठ्या मुलांचा. विश्वास म्हणजे बुद्धीची कमतरता असती, तर तो लहानांत अधिक दिसायला हवा होता. प्रत्यक्षात पुरावा कसा वापरायचा हे ज्यांना अधिक चांगले कळत होते, ती मुले त्याच्याच आधारे चुकीच्या निष्कर्षाला पोहोचली. त्यांच्या विचारात खोट नव्हती, पुरावाच बनावट होता.

हा बनावट पुरावा केवळ आई-वडीलच पुरवतात असे नाही. सांता आकाशात कुठवर आला याची माहिती देण्याची प्रथा अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्राने १९५५ मध्ये सुरू केली, आणि पुढे अमेरिका व कॅनडा यांच्या संयुक्त ‘नोराड’ संस्थेने ती आजवर चालू ठेवली आहे. कॅनडाच्या टपाल खात्याने सांताला स्वतंत्र पिनकोड दिला आहे, ‘एच शून्य एच, शून्य एच शून्य’. तो इंग्रजीत लिहिला की सांताच्या ‘हो हो हो’ हसण्यासारखा दिसतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी पत्रकार परिषदेत दातांची परी आणि ईस्टरच्या सणाला मुलांसाठी अंडी आणणारा कल्पित ससा हे अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी असल्याचे जाहीर केले होते. सैन्य, टपाल खाते आणि पंतप्रधान एका सुरात साक्ष देत असतील, तर पाच वर्षांच्या मुलाने विश्वास ठेवणे हे त्याच्या सुज्ञपणाचेच लक्षण मानायला हवे.

मग हा विश्वास सुटतो कसा? अमेरिकेतील १९७८ सालच्या एका अभ्यासात चार वर्षांची ८५ टक्के, सहा वर्षांची ६५ टक्के आणि आठ वर्षांची २५ टक्के मुले सांतावर विश्वास ठेवत असल्याचे आढळले. म्हणजे तो एका रात्रीत तुटत नाही, हळूहळू ओसरतो. कसा ओसरतो, हे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू श्टुलमन यांच्या २०१५ सालच्या अभ्यासात फार सुंदर दिसते. त्यांनी तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना सांताला प्रश्न विचारायला सांगितले. निसर्गात काय शक्य आणि काय अशक्य, याची जाण ज्यांना अजून पुरती आली नव्हती, ती मुले तपशील विचारत होती: तू कुठे राहतोस, तुझ्या रेनडियरांची नावे काय. ही जाण ज्यांना आली होती, ती मुले मुळाशी हात घालत होती: एका रात्रीत तू एवढ्या घरी कसा पोहोचतोस, एवढ्याशा धुराड्यातून आत कसा मावतोस. दुसऱ्या प्रकारच्या मुलांचाही विश्वास अद्याप उडालेला नव्हता. पण त्यांच्या डोक्यात भौतिकशास्त्र आकार घेऊ लागले होते, आणि सांताला त्या चौकटीत बसवण्याची त्यांची धडपड सुरू झाली होती. ‘ळ’ न्याहाळणारी ती मुलगी नेमकी याच उंबरठ्यावर होती. तिने एक नमुना पाहिला, दुसरा आठवला आणि दोन्ही ताडून पाहिले.

सत्य समजल्यावर मूल कोसळून जाते, ही भीती बहुतेक पालकांना असते. अँडरसन आणि प्रेंटिस यांनी १९९४ मध्ये, सांतावरचा विश्वास सुटलेल्या ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून लिहिलेल्या अहवालात वेगळेच चित्र आहे. बहुतेक मुलांनी सत्य स्वतःच शोधून काढले होते, तेही साधारण सातव्या वर्षी, आणि त्यांच्या भावना मुख्यतः सकारात्मक होत्या. आपण दुःखी झालो असे प्रामुख्याने पालकांनी सांगितले! अर्थात सगळ्यांच्या बाबतीत असे होत नाही. कँडिस मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अलीकडच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश मुलांनी आणि जवळपास निम्म्या प्रौढांनी त्या वेळी काहीसे वाईट वाटल्याचे सांगितले. बहुतेकांच्या बाबतीत ही भावना सौम्य आणि थोड्या दिवसांची होती. थोड्यांना मात्र ती खोलवर लागली. ज्यांना इतरांपेक्षा उशिरा कळले, ज्यांना कोणीतरी अचानक आणि सरळ तोंडावर सांगितले किंवा ज्यांच्या पालकांनी विश्वास टिकवण्यासाठी फार जोर लावला होता, त्यांच्या बाबतीत हे घडण्याची शक्यता अधिक असते.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही झटकून टाकण्यासारखे नाही. क्रिस्टोफर बॉयल आणि कॅथी मॅके या दोन अभ्यासकांनी २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’ या नियतकालिकात लिहिले की, आई-वडील इतकी वर्षे इतक्या सातत्याने असत्य सांगतात हे उघड झाल्यावर त्यांच्या इतर शब्दांवरचा मुलाचा विश्वासही डळमळू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रातील २०१४ सालचा एक प्रयोगही येथे आठवतो. शेजारच्या खोलीत गोळ्यांचे मोठे भांडे आहे अशी थाप मारून संशोधकाने काही मुलांना खेळायला नेले आणि नंतर ती थाप असल्याची कबुली दिली. पुढे ‘मागे वळून पाहू नकोस’ असे सांगून मुलांना एकटे सोडले, तेव्हा शाळकरी वयातील ज्या मुलांना थाप मारली नव्हती, त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्के मुलांनी वळून पाहिले. ज्यांना मारली होती, त्यांच्यापैकी जवळपास ८० टक्के मुलांनी पाहिले, आणि त्यांच्यात खोटे बोलण्याचे प्रमाणही अधिक होते. मोठे माणूस आपले काम साधण्यासाठी खोटे बोलते, हे मुलाला कळते आणि त्यातून ते शिकते.

माझ्या मते सगळी मेख ‘आपले काम साधण्यासाठी’ या शब्दांत आहे. परीचे नाटक मुलाच्या आनंदासाठी चालले असेल, तर त्यात मोठ्यांना काही साधायचे नसते. पण ‘वेडेपणा केलास तर सांता काही आणणार नाही’, ‘तो सगळं बघतोय’, ‘परी रागावेल’ अशी वाक्ये सुरू झाली की परीचा बागुलबुवा होतो. ज्या पात्राने घरात आनंद आणायचा, ते पाळत ठेवू लागते, आणि मुलाला शिस्त लावण्याचे जे काम आई-वडिलांनी स्वतःच्या नावावर करायचे, ते एका अनुपस्थित पात्राच्या गळ्यात टाकले जाते. हे करू नये, असे मी अगदी आग्रहाने म्हणेन. चांगल्या मुलांनाच भेट मिळते, या कल्पनेत आणखी एक क्रूरता लपलेली असते. एकाच वर्गातील एका मुलाला सांताने सायकल दिली आणि दुसऱ्याला पेन्सिलींचा डबा, तर दुसऱ्या मुलाने स्वतःविषयी काय समजायचे? त्याच्या घरची आर्थिक ओढाताण त्याला कळत नाही, आपण कमी चांगले आहोत एवढेच कळते. म्हणून मोठी भेट आई-बाबांच्या नावाने द्यावी आणि कल्पित पात्राच्या वाट्याला लहानशी, कोणालाही परवडेल अशी वस्तू ठेवावी.

आता मूल थेट विचारते त्या क्षणाविषयी. एकच प्रश्न मूल दोन अगदी निरनिराळ्या प्रकारे विचारू शकते. चार वर्षांचे मूल डोळे चमकवत ‘परी खरंच येते ना?’ असे विचारते, तेव्हा त्यातला ‘ना’ खेळ चालू ठेवण्याचे आमंत्रण असतो. सात-आठ वर्षांचे मूल मात्र एखाद्या दिवशी तुम्हाला एकटे गाठते, आवाज खाली आणते, थेट डोळ्यांत पाहते आणि विचारते, ‘खरं सांग, परी म्हणजे तूच ना?’ हे आमंत्रण नव्हे, हा प्रामाणिक प्रश्न आहे, आणि त्याला प्रामाणिकच उत्तर दिले पाहिजे. प्रश्न नेमका कोणत्या प्रकारचा हे कळत नसेल, तर ‘तुला काय वाटतं?’ असे विचारावे आणि मुलाला सविस्तर बोलू द्यावे. बहुतेक वेळा त्याचा तपास कुठवर आला आहे हे ते स्वतःच सांगते. मुलाला शंका आली की घाईघाईने नवा पुरावा उभा करणे, म्हणजे खिडकीत परीच्या पावलांचे ठसे उमटवणे किंवा दुसऱ्याकडून चिठ्ठी लिहून घेणे, ही गोष्ट कटाक्षाने टाळावी. शंका येण्यापूर्वी जे नाटक होते, तेच शंका आल्यानंतर मुलाच्या स्वतःच्या बुद्धीविरुद्धचे कारस्थान होते.

या संदर्भात १८९७ सालच्या एका प्रसिद्ध प्रसंगाकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. न्यूयॉर्कच्या आठ वर्षांच्या व्हर्जिनिया ओ’हॅनलनने ‘द सन’ या वृत्तपत्राला पत्र लिहून विचारले होते की, माझे काही मित्र सांताक्लॉज नाही म्हणतात, मला खरे काय ते सांगा. २१ सप्टेंबर रोजी फ्रान्सिस चर्च यांनी अग्रलेखातून ‘होय व्हर्जिनिया, सांताक्लॉज आहे’ असे उत्तर दिले. प्रेम आणि औदार्य जसे असते तसा तो असतो, असा त्या उत्तराचा आशय आहे. शंभराहून अधिक वर्षे लोक ते प्रेमाने वाचत आले आहेत आणि ते सुंदर आहेच. तरीही त्या मुलीने खरे काय ते विचारले होते, आणि जे वृत्तपत्र खोटे छापत नाही असा घरात विश्वास होता, त्यालाच विचारले होते. मला त्या जागी असे उत्तर आवडले असते, जे औदार्याविषयी एवढेच सुंदर बोलले असते आणि भेटी कोण ठेवते हेही सांगून गेले असते.

ज्या पालकांना असे खोटे मुळातच बोलवत नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट खुली आहे आणि ती कमी आनंदाची नाही. ‘चल, आपण परीचा खेळ खेळू’ असे सांगून दात उशीखाली ठेवता येतो. राक्षसाच्या रिकाम्या पेटीत बोट घालायला बिचकणारी मुले आठवा. ठाऊक असूनही त्यांची छाती धडधडत होतीच. सांगितलेला प्रत्येक शब्द शब्दशः घेणाऱ्या आणि फसवले गेल्याची भावना विसरू न शकणाऱ्या मुलांसाठी तर मला हीच वाट योग्य वाटते.

आणि ज्या मुलांना सत्य कळले आहे, त्यांना नाटकाच्या प्रेक्षागृहातून रंगमंचामागे घ्यावे. धाकट्या भावंडांसाठी किंवा चुलत-मावस भावंडांसाठी भेट निवडायची, पुडी बांधायची, कोणाला कळू न देता ठेवायची, ही कामे त्यांना विश्वासाने द्यावीत. गुपित सांभाळण्याची जबाबदारी मिळाली की काहीतरी हरवल्याची भावना बरीच निवळते. मिल्स यांच्या अभ्यासातील बहुतेकांनी, वाईट वाटलेल्यांनीसुद्धा, आपल्या मुलांसोबत ही प्रथा पुढे चालू ठेवू असेच सांगितले.

सुरुवातीच्या त्या घरात पुढे तीन वर्षांनी धाकट्या भावाचा दात पडला. मधल्या काळात मुलीने एकदा आईला एकटीला गाठून विचारले होते आणि आईने खरे ते सांगितले होते. या वेळी परीची चिठ्ठी लिहायचे काम तिने स्वतःहून मागून घेतले. टेबलाशी बसून तिने आधी एका कोऱ्या कागदावर ओळभर ‘ळ’ गिरवले, एकही घरातल्या कोणासारखा दिसत नाही याची खात्री करून घेतली, आणि मगच चिठ्ठी लिहायला घेतली.